पट्टा पडल्यावर ते कुठं गेलं? : चित्रपुस्तके करणाऱ्या आणि निवडणाऱ्या सर्वांना खुले पत्र

प्रति,
मराठीत मुलांसाठी चित्रपुस्तके लिहिणारे, चितारणारे आणि प्रकाशित करणारे सर्वजण, तसेच शाळांच्या वाचनालयांसाठी पुस्तके निवडणाऱ्या समित्यांचे सन्माननीय सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातील एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत गेली १७ वर्षे शिकवते आहे. आमच्या गावातील निम्म्याहून अधिक घरांना दसरा-दिवाळीच्या सुमारास कुलपे लागतात आणि ती उघडतात थेट चैत्रात, कारण घरातील कर्ती माणसे ऊसतोडीला गेलेली असतात. त्यांच्याबरोबर माझ्या वर्गातील मुलेही जातात. या मुलांसाठी मराठीत एक चित्रपुस्तक व्हावे, आणि झाल्यावर ते कपाटात न राहता त्यांच्या हाती पडावे, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये, पाऊस उघडल्यानंतरच्या एका दुपारी, मी तिसरी-चौथीच्या मुलांना एकत्र बसवून एक चित्रपुस्तक वाचून दाखवले. पुस्तकाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण माझी तक्रार त्या पुस्तकाविषयी नाही. ते मनापासून केलेले, देखणे पुस्तक आहे. एक लहानसा प्राणी स्वतःसाठी जागा शोधत रानभर फिरतो. पक्ष्याचे घरटे त्याला पुरत नाही, सशाच्या बिळात त्याला अंधाराची भीती वाटते, तळ्याकाठी तो भिजतो, आणि अखेरीस एका जुन्या झाडाच्या ढोलीत त्याला हवी तशी ऊब मिळते. शेवटच्या जोडपानावर चांदणे पडलेले आहे आणि तो प्राणी शेपटी अंगाभोवती गुंडाळून झोपला आहे. मुले चित्राकडे बघत गप्प बसली होती. मी पुस्तक मिटणार, एवढ्यात तिसरीतल्या एका मुलीने विचारले, “मग बाई, पट्टा पडल्यावर ते कुठं गेलं?”

ज्यांना हा शब्द परका आहे त्यांच्यासाठी सांगते. साखर कारखान्याचे गाळप संपून हंगाम बंद झाला की आमच्याकडे ‘पट्टा पडला’ असे म्हणतात. पट्टा पडला की कोप्या, म्हणजे हंगामापुरत्या बांधलेल्या झोपड्या, मोडायच्या, भांडीकुंडी बांधायची आणि गावाकडे परतायचे. त्या मुलीने आठ वर्षांच्या आयुष्यातील बहुतेक हिवाळे कारखान्याच्या तळावर काढले आहेत. तिच्या दृष्टीने त्या प्राण्याला ढोली मिळाली ही चांगलीच गोष्ट झाली, पण गोष्ट तेथे संपणे तिला शक्यच वाटत नव्हते. प्रश्न विचारताना तिच्या स्वरात दुःख नव्हते. पुढचे पान कुठे आहे, एवढेच तिला जाणून घ्यायचे होते, आणि मला उत्तर देता आले नाही. मी नकळत पुस्तक उलटून मागचे आवरणही पाहिले.

त्या दिवसापासून मी शाळेतील चित्रपुस्तके पुन्हा वाचू लागले, आणि माझ्या लक्षात आले की आपली जागा शोधणाऱ्याची गोष्ट आपण जवळजवळ नेहमी एकाच पद्धतीने सांगतो. नायक बेघर असतो, तो फिरतो, त्याला नकार मिळतात, मग घर मिळते आणि पुस्तक मिटते. शोध एकदाच घ्यायचा असतो आणि जागा एकदाच सापडते, हे त्यात गृहीत धरलेले असते. माझ्या वर्गातील मुलांना घर नाही असे नाही. त्यांना दोन घरे आहेत, आणि दोन्ही अर्धी आहेत. एक घर गावात आहे, पत्र्याचे किंवा स्लॅबचे, बहुधा उचल, म्हणजे मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून मिळणारी आगाऊ रक्कम, घेऊनच बांधलेले, ज्यात ती सहा महिने राहतात. दुसरे घर म्हणजे कोपी, जी दरवर्षी नव्या ठिकाणी बांधली जाते. गावच्या शाळेत ती दिवाळीनंतर गैरहजर असतात आणि हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे स्थलांतराचा शेरा पडतो. तिकडच्या शाळेत ती गेलीच, तर ‘तोडकऱ्यांची पोरं’ म्हणून मागच्या ओळीत बसतात. ‘तुझं गाव कोणतं?’ हा प्रश्न त्यांना दोन्हीकडे विचारला जातो, आणि दोन्हीकडे उत्तर देताना त्यांना थोडे थांबावे लागते.

आपल्या भाषेतील सर्वांत पहिली घराची गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. चिमणीचे घर मेणाचे आणि कावळ्याचे घर शेणाचे. पाऊस येतो, शेणाचे घर वाहून जाते आणि कावळा चिमणीच्या दाराशी उभा राहतो. “चिऊताई, चिऊताई, दार उघड.” चिमणी आत बाळाला न्हाऊ घालत असते, तीट लावत असते, आणि तो बाहेर भिजत असतो. मी स्वतः ही गोष्ट असंख्य वेळा सांगितली आहे, चिमणीचा आवाज काढून, अगदी रंगवून. पण ती सांगताना वर्गातील काही मुले हसत नाहीत हे माझ्या ध्यानात यायला फार वर्षे लागली. माझ्या वर्गातील मुलांच्या आया कोपीपुढची जमीन शेणानेच सारवतात. अवकाळी पाऊस आला की कोपीत पाणी शिरते आणि रात्री-अपरात्री पोरांना कडेवर घेऊन शेजारच्या मळेवाल्याच्या पडवीशी उभे राहावे लागते. दार कधी उघडते, कधी उघडत नाही. ही मुले त्या गोष्टीत कावळ्याच्या बाजूला उभी असतात, आणि गोष्ट मात्र चिमणीच्या घरातून सांगितलेली असते.

हान्स ख्रिश्चन अँडरसनची १८४३ सालची कुरूप पिल्लाची गोष्टही आपण मराठी मुलांना पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो आहोत. ती सुंदर आहे, आणि मी पुढेही सांगेन. तरी शिक्षिका म्हणून माझ्या मनात एक टोचणी आहे. त्या पिल्लाला शेवटी जागा मिळते ती ते मुळात हंस निघाल्यामुळे. जे पिल्लू बदकच आहे आणि तरीही तळ्यावर परके ठरले आहे, त्याचे काय करायचे हे ती गोष्ट सांगत नाही. तोडकऱ्याचे मूल उद्या कोणी वेगळेच निघणार नाही. ते जसे आहे तसेच त्याला दोन्ही गावांत जागा हवी आहे.

आता मी चित्रकारांशी बोलते, कारण चित्रपुस्तकात निम्म्याहून अधिक गोष्ट तेच सांगतात, आणि वाचता न येणारे मूल त्यांच्यावरच अवलंबून असते.

कोपी कशी असते ते कृपया स्वतः जाऊन पाहा. पुस्तकांतून झोपडी काढायची म्हणून जी गवताची, शेजारी नारळाचे झाड असलेली झोपडी काढली जाते, ती आमच्या मुलांना ओळखू येत नाही. कोपी बांबू वाकवून किंवा टेकवून उभी केलेली असते, त्यावर बांबूचे तट्टे, वर पाचट, आणि त्यावर निळा किंवा काळा प्लास्टिकचा कागद. आत मोठ्या माणसाला वाकूनच जावे लागते. एका कडेला पत्र्याची पेटी, बाजरीचे पोते आणि घडी घातलेल्या वाकळा असतात. बाहेर तीन दगडांची चूल, डालग्याखाली कोंबडी आणि बांधलेली शेळी. बैलगाडीवाल्यांचा तळ कारखान्याजवळ असतो, त्यामुळे तेथे रात्रभर कारखान्याचा उजेड आणि मळीचा वास येतो. ट्रक-ट्रॅक्टरवर जाणारी टोळी मात्र एका जागी राहत नाही. एका गावचा फड, म्हणजे तोडायचे उसाचे रान, संपला की कोप्या उचलून पुढच्या गावी जाते. तेव्हा ‘ऊसतोडीचे मूल’ म्हणून एकच चित्र काढून भागणार नाही. तळावरच्या मुलीला तिची कोपी चार-पाच महिने तरी एका जागी दिसते, आणि ट्रॅक्टरवरच्या मुलीला एका हंगामात अनेक जागा सोडाव्या लागतात. तिला शेजारच्या कोपीतल्या माणसांचीच ओळख पुरते, कारण बाकी सगळे बदलत राहते.

कोपी बांधताना पहिले काम कोणते, असे मी एकदा वर्गात विचारले होते. मला वाटले होते की बांबू रोवणे हे उत्तर येईल. चौथीतल्या एका मुलीने सांगितले, “आधी आई भुई सारवती. मग आमी तिथं बसतो. मग कोपी बांधत्यात.” दुसऱ्या मुलांनी माना डोलावल्या. परक्याच्या रानात, ढेकळांमध्ये, हात-दोन हात जमीन सारवून तिच्यावर पोरांना बसवायचे आणि मग त्यांच्याभोवती घर उभे करायचे. मी त्या चित्राची वाट पाहते आहे. ते जोडपानावर किती छान दिसेल: रंग फक्त मातीचा, आणि मधोमध ओल्या शेणाचा गडद गोल, त्यावर दोन पोरे आणि एक कोंबडी.

आणखी एक विनंती अशी की या मुलांचे चित्र दया यावी म्हणून काढू नका. या जगण्यात कष्ट आहेत आणि ते झाकण्याचे कारण नाही. पहाटे तीन-चारला आईवडील फडात जातात, थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊन दिवसभर सांभाळते, पाणी आणते, भाकरी थापते, आणि तिची शाळा तेथेच सुटते. हे पुस्तकात यायला हवे. पण त्याच तळावर ज्वारीच्या धांड्यातील भेंड काढून इतकी सुबक बैलगाडी केली जाते की तिची चाके खरोखर फिरतात. तेथे रात्री शेकोटीभोवती म्हातारी माणसे गोष्टी सांगतात. बैलांची नावे असतात आणि मुलांना प्रत्येक बैलाची खोड माहीत असते. माझ्या मुलांना स्वतःचे रडके चित्र पाहायला आवडत नाही. ती मान वळवतात. ‘बिचारा’ हा शब्द त्यांना फार लवकर कळतो.

लेखकांकडे माझे मागणे भाषेचे आहे. फड, मोळी, वाढे, पाचट, खेप, टोळी, मुकादम, उचल हे शब्द माझ्या वर्गातील मुले शाळेत येण्यापूर्वीच शिकतात, आणि शाळेच्या कोणत्याही गोष्टीच्या पुस्तकात त्यांना ते सहसा भेटत नाहीत. कोयता म्हणजे ऊस तोडण्याचे हत्यार, हे सर्वांना ठाऊक आहे. पण मुकादमाच्या हिशोबात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ होतात आणि एकटा माणूस ‘अर्धा कोयता’. बेरीज शिकवताना एक मुलगा मला म्हणाला होता, “आमचा एक कोयता, मामाचा एक कोयता, अन् आजा अर्धा.” त्याने गणित बरोबर केले होते. ज्या भाषेत त्याच्या आईवडिलांची मोजदाद होते ती भाषा त्याला चांगली येते. त्याच शब्दांत त्याच्या घरची एखादी गोष्टही सांगता येते, हे त्याला पुस्तकातून कळावे असे मला वाटते. शब्द अवघड वाटतील म्हणून शहरातील वाचकांसाठी ते गाळू नयेत. मुले चित्रावरून शब्द ओळखतात, आणि पुण्या-मुंबईच्या मुलालाही वाढे म्हणजे उसाचे शेंडे हे चित्र पाहून सहज कळेल.

आमच्या काही टोळ्या कर्नाटकात, बेळगावकडे जातात. तेथील फडाजवळची शाळा बहुतेक वेळा कानडी असते. फळ्यावरचे एकही अक्षर ओळखीचे नाही अशा वर्गाच्या दाराशी उभे राहिलेले मूल काय करते, हे मला एका मुलाने दाखवले होते. त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले, मान खाली घातली, आणि मग हळूच एक डोळा वर करून भिंतीवरची चित्रे पाहिली. भिंतीवर आंबा, बैल, घर अशी चित्रे होती म्हणाला. “चित्रं मराठीतच होती बाई.” ते वाक्य मी लिहून ठेवले आहे. दोन भाषांच्या सीमेवर, एकही शब्द नसलेले, निव्वळ चित्रांचे पुस्तक किती कामाचे ठरेल याचा प्रकाशकांनी जरूर विचार करावा.

आता निवड समित्यांकडे येते. पुस्तक छापले गेले तरी ते पोचवण्याचा मार्ग आपल्याच हातात आहे. चार रंगांची छपाई आणि जाड कागद यांमुळे चित्रपुस्तक महाग पडते, आणि शाळांसाठी एकगठ्ठा खरेदी झाली तरच प्रकाशकाला त्याची मोठी आवृत्ती काढणे परवडते, हे मला समजते. म्हणूनच आपल्या यादीत काय असते याला इतके महत्त्व आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) परिशिष्टात प्रत्येक शाळेत वाचनालय असावे आणि त्यात गोष्टींची पुस्तकेही असावीत असे स्पष्ट म्हटले आहे, आणि त्याच कायद्याच्या कलम ९ मध्ये स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळवून देण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. ही दोन वाक्ये एकाच कायद्यात आहेत. एकमेकांशेजारी ठेवून ती कोणी वाचली, तर स्थलांतर करणाऱ्या मुलाचे वाचनालय कोठे आहे हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

त्याचे उत्तर काय आहे, ते मी एका पुस्तकाच्या हकिकतीतून सांगते. चार वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी चौथीतल्या एका मुलाला शाळेचे एक चित्रपुस्तक बरोबर नेऊ दिले. नियमात ते बसत नव्हते. एप्रिलमध्ये तो परत आला तेव्हा त्याने पहिल्याच दिवशी ते पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीतून काढून माझ्या टेबलावर ठेवले. दवाने पाने फुगली होती, मधल्या पिना गंजून कागदावर तांबडे डाग पडले होते, कडेला तेलाची बोटे उमटली होती आणि एक पान नव्हते. ते पान होते घराचे, खिडकीत दिवा असलेले. “पान फाडलंस?” मी विचारले. तो म्हणाला, “कोपीत लावलं व्हतं, बाभळीच्या काट्यानं. निघताना काट्याला तसंच राहिलं.” पुस्तकाची किंमत भरून घ्यावी की नोंद रद्द करावी यावरून पुढे बरेच कागद झाले, ते सांगत बसत नाही. मला आजही वाटते की आमच्या कपाटातील सर्व पुस्तकांपैकी ते एक पुस्तक पुरेपूर वापरले गेले. त्या मुलाने तट्ट्याच्या भिंतीवर, बाभळीच्या काट्याने, स्वतःच्या घरात एक घर लावले होते.

तेव्हा माझी मागणी अशी आहे. स्थलांतर करणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड दिले जाते, म्हणजे ते जेथे जाईल तेथील शाळेने त्याला दाखल करून घ्यावे. त्या कार्डाबरोबर त्याला एक चित्रपुस्तक कायमचे द्यावे. परत घ्यायचे नाही, नोंदवहीत फाटले-हरवले लिहायचे नाही. ते पुस्तक दव सोसेल अशा कागदावर छापलेले, पिनांऐवजी दोऱ्याने शिवलेले आणि दप्तर नसले तरी ओढणीत गुंडाळता येईल एवढ्या आकाराचे असावे. तिकडच्या शाळेच्या दाराशी उभे राहताना मुलाच्या हातात कार्ड असते, पण कार्ड गुरुजींना दाखवायचे असते. पुस्तक शेजारी बसलेल्या मुलाला दाखवता येते. नव्या वर्गात एखाद्याशी बोलणे सुरू व्हायला एवढे निमित्त पुरते. ज्या मुलांना हंगामी वसतिगृहाच्या आधारे आजीजवळ गावातच ठेवले जाते, त्यांनाही हे पुस्तक हवे आहे, कारण त्यांचे आईवडील ज्या घरात झोपतात ते घर त्यांनी पाहिलेलेही नसते.

शाळेने मुलाच्या मागे जाणे आपल्याला नवे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर ते वाढवले. बालवाडीत न येणाऱ्या मुलांसाठी त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. मूल कुरणात असेल तर शाळा कुरणात जाईल, इतका सरळ विचार त्यांनी केला. साखर कारखान्यांवर साखरशाळा सुरू झाल्या त्या याच वाटेने, जरी त्या सर्वत्र टिकल्या नाहीत. पुस्तक तर शाळेपेक्षा कितीतरी हलके आहे, आणि ते मुलाच्या मागे पाठवायला इमारत लागत नाही, शिक्षकाची नेमणूक लागत नाही. आपल्या राज्यात बालभारतीची पाठ्यपुस्तके वर्षानुवर्षे अगदी शेवटच्या वाडीपर्यंत पोचत आली आहेत. त्याच गाडीतून आणखी एक पातळ पुस्तक जाणे अशक्य नाही.

त्या मुलीचा प्रश्न मात्र माझ्यापाशी तसाच राहिला होता. गणपतीनंतर आम्ही वर्गातच एक पुस्तक करायला घेतले. जुन्या दिनदर्शिकांच्या मागच्या कोऱ्या बाजू, पाटीवरच्या खडूंचे तुकडे, हळद, काजळी आणि पळसाच्या वाळलेल्या फुलांचा रंग, एवढे साहित्य होते. मी मुलांना सांगितले की त्या प्राण्याच्या गोष्टीचे पुढचे पान तुम्ही काढा. मुलांनी प्राणी बाजूला ठेवला आणि सरळ स्वतःलाच काढले. वाद झाला तो मुखपृष्ठावरून. निम्म्या मुलांना मुखपृष्ठावर गावचे घर हवे होते, कारण गोष्ट तेथून सुरू होते. उरलेल्यांना कोपी हवी होती, कारण गावचे घर तर सगळ्यांनाच असते. दोन दिवस हे भांडण चालले. शेवटी शिवताना एका मुलाकडून निम्मी पाने उलटी लागली, आणि ती उसवायला गेलो तेव्हा मुले म्हणाली, राहू द्या.

आता आमच्या पुस्तकाला दोन मुखपृष्ठे आहेत. एका बाजूने उघडले तर गावचे घर दिसते, कुलूप लागते, आजी दारात उभी राहते, आणि पाने उलटत आपण फडाकडे जातो. पुस्तक फिरवून दुसऱ्या बाजूने उघडले तर कोपी दिसते, पट्टा पडतो, तट्टे सुटतात, आणि पाने उलटत आपण गावाकडे येतो. दोन्ही गोष्टी मधल्या जोडपानावर भेटतात. त्या पानावर ट्रॅक्टरची ट्रॉली आहे, रात्र आहे, ट्रॉलीत भांडी, वाकळा, शेळी आणि माणसे आहेत, आणि सर्वांत वर, पोत्यांच्या ढिगावर, मुले बसली आहेत. ट्रॅक्टर कोणत्या दिशेने चालला आहे हे त्या चित्रावरून सांगता येत नाही, कारण पुस्तक दोन्ही बाजूंनी वाचायचे आहे. ज्या मुलीने प्रश्न विचारला होता तिने त्या पानावर ट्रॉलीच्या कडेला एक कावळा बसवला आहे. तो कशासाठी, असे मी विचारले तर म्हणाली, “त्यो पण संगट येतोय.”

हे पुस्तक छापा असे माझे म्हणणे नाही. ते मुलांचे आहे आणि त्याचे रंग आताच उडू लागले आहेत. पण ज्यांच्या हाती चांगला कागद, शिकलेला हात आणि छापखाना आहे, त्यांनी ते एकदा पाहावे. आपल्यापैकी कोणाही लेखकाला किंवा चित्रकाराला यायचे असेल तर पितृपक्षापूर्वी यावे, तेव्हा वर्ग भरलेला असतो आणि मुले पुष्कळ बोलतात. दिवाळीनंतर आलात तर तिसरी-चौथी मिळून सात-आठ मुले भेटतील आणि बाकीच्यांची चित्रे भिंतीवर. तेव्हा आम्ही कारखान्याचा पत्ता देऊ शकतो, आणि कोणती कोपी कोणाची हे मागे राहिलेल्या मुलांकडून नकाशा काढून घेता येते. पाहुणे येणार असले तर एक गोष्ट मुलांनी आधीच सांगून ठेवली आहे. कोपीत शिरताना मान खूप खाली घालावी लागते, आणि नव्या माणसाचे डोके पहिल्या दिवशी बांबूला लागतेच.

कळावे, लोभ असावा.

आपली,
बालाघाटच्या डोंगरातील एका जिल्हा परिषद शाळेची शिक्षिका